बायकोचं कुळागर आणि इन्कमटॅक्सचा साहेब

बायकोच्या तेराव्याला गावातला एक पुढारी उठून बोलला. म्हणाला, बाई म्हणजे गरीब गाय, जन्मात कुणापुढं तोंड उघडलं नाही. पानं वाढून झाली होती, माणसं भुकेली होती, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर तिथंच सांगितलं असतं, की बाबा, तुला कायपण माहीत नाही, खाली बस.

त्याला दहा महिने झाले. पुढारी विसरला असेल, माझ्या डोक्यातनं जात नाही. घरात मी एकटाच. मुलगी ठाण्याला दिलेली, ती महिन्यातनं एकदा येते. तिनंच वही आणून दिली, म्हणाली, मला सांगता ते सगळं लिहून काढा. मी दुसरी यत्ता शिकलेला माणूस. माझं अक्षर म्हणजे रस्त्यानं बैल मुतत गेल्यासारखं. तरी लिहितो. चुका ती सुधारील.

बायकोचं नाव मात्र लिहिणार नाही. आमच्या वेळी नवरा बायकोचं नाव घेत नसे, बायको नवऱ्याचं घेत नसे. लग्नात एकदा काय घ्यायचं ते घ्यायचं, तिथंसुद्धा मी लाजून खोकून वेळ मारून नेली होती. पुढं सगळ्या जन्मात मी ते नाव मोठ्यानं एकदाच घेतलं, आणि ते इन्कमटॅक्सच्या साहेबापुढं. ते कसं झालं तेवढंच सांगायचं आहे.

माझा धंदा गवताचा. आमचं गाव कर्जत तालुक्याच्या खालापूर पेट्यातलं. मुंबईत तेव्हा मोटारी थोड्या आणि घोडे रग्गड, शिवाय म्हशींचे तबेले. त्या सगळ्या जनावरांना गवत जायचं आमच्या बाजूचं. दिवाळीच्या सुमाराला रानं कापायला घ्यायची. ठाकर, कातकरी बायामाणसं कापून द्यायची, पार कशेळ्याच्या बाजूनं गाड्या यायच्या. वखारीत लाकडी प्रेस होता. त्यात गवत दाबून गाठी बांधायच्या आणि कर्जत स्टेशनात नेऊन मालगाडीच्या वाघिणीत भरायच्या. अंगाला सदा कुसळं टोचलेली. जेवताना ताटात कुसळ, झोपताना पाठीखाली कुसळ. पण पोट चांगलं चालायचं.

शेतीवर इन्कमटॅक्स नव्हता. धंद्यावर होता, तोही वर्षाची मिळकत सरकारनं ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली तरच. माझी थोडी वर जायची. दर वर्षी छापील फॉर्म यायचा, कर्जतचे एक वकील तो भरायचे, आणि दाखवतील तिथं मी सही ठोकायचो. सही करायची मला मोठी हौस. आमच्या घरात सही करता येणारा मी पहिला. थोरला भाऊ अंगठा उठवायचा. त्यामुळं कुणी कागद पुढं केला, की वर काय लिहिलंय ते न बघता मी खाली सही करून मोकळा.

आता बायकोचं सांगतो. मुंबईच्या ज्या तबेल्याला मी गाठी द्यायचो, त्याचा मुकादम गोव्याचा. आमच्याच जातीचा निघाला. त्याची पुतणी. बापाला एवढी एकच पोर. बोलणी झाली, आम्ही दहा माणसं आगबोटीत बसून गोव्याला गेलो, सहा जणांना बोट लागली, भाऊ तर वाटेतच लग्न नको म्हणायला लागला. गोवा तेव्हा फिरंग्याचा मुलूख. तिथला कायदा असा, की मंगलाष्टकं मागनं म्हणा, आधी सरकारी कचेरीत वहीत लिहा. मी गेलो. दोन कागद पुढं आले. दोन्ही फिरंगी भाषेत. मी दोन्हीवर झोकदार सही केली. सासऱ्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, जावईबापू, मोठ्या मनाचे आहात. मला वाटलं, अक्षराचं कौतुक करतोय.

माझी बायको आमच्यासारखीच. कपाळावर कुंकू, हिरवा चुडा, भात आणि मासळी. बोलणं थोडं वेगळं. पण सरकारच्या लेखी ती परदेशी, आणि गावाच्या लेखी फिरंगीण. माझी वहिनी तर तोंडावर तीच हाक मारायची. आल्यावर आठवड्याभरातच वहिनीनं चार बायकांत विचारलं, "काय गं फिरंगीण, तुमच्यात काट्यानं जेवतात म्हणं?" बायको म्हणाली, "जेवतात ना वहिनी. पण काटा माशाचा असतो, तो आमी बाजूला ठेवतो." बायका हसल्या, वहिनी हसली नाही. ही गरीब गाय.

तिच्या बापानं तिला एक बाग दिली होती. डोंगराच्या उतारावर सुपारी, मधे मधे माड, फणस, सुपारीवर चढलेले मिऱ्याचे वेल, आणि झऱ्याचं पाणी पाटानं सगळ्यातनं फिरवलेलं. असल्या बागेला त्यांच्याकडं कुळागर म्हणतात. मी ते लग्नात एकदा लांबून बघितलं होतं. सुपारी विकली गेली, की तिथला कसणारा वर्षातनं एकदा मनिऑर्डर पाठवायचा. ती यायची माझ्या नावावर. बाईमाणसाच्या नावानं टपाल येणं आमच्यात कुणाला बरं दिसत नसे. पैसे मी तिच्या हातात द्यायचो, त्यात कधी खोट केली नाही. त्यातनं तिनं परसात विहीर बांधून घेतली, आणि गवत कापायला येणाऱ्या बायांना तिथनं पाणी भरायला मोकळीक दिली. भावाला ते आवडलं नव्हतं. तिनं त्याला सांगितलं, की विहीर कुणाच्या पैशाची ते आधी विचारा, मग बोला.

सगळं बरोबर होतं, एक सोडून. घरात आलेला पैसा दुकानाच्या चोपडीत लिहायचा ही आमच्या बापाची शिस्त. मनिऑर्डर आली की मी चोपडी उघडायचो आणि माझा हात थांबायचा. रक्कम लिहिली, पुढं कुणाची ते लिहायचं. म्हणजे तिचं नाव लिहायचं. जे नाव तोंडानं घ्यायचं नाही, ते गंध लावून पुजलेल्या चोपडीत कसं लिहायचं? मग मी रक्कम लिहून पुढची जागा कोरी सोडायचो. नऊ वर्षं नऊ कोऱ्या जागा. मला वाटायचं, मला ठाऊक आहे ना, झालं.

तीस सालच्या पुढंमागं कधीतरी इन्कमटॅक्सचा नवा साहेब आला. आपला मराठीच माणूस, तरुण, चष्मेवाला. तो कॅम्पाला कर्जतच्या सरकारी बंगल्यावर उतरायचा आणि व्यापाऱ्यांना चोपड्या घेऊन बोलवायचा. मला नोटीस आली. मी चोपड्या बैलगाडीत घातल्या आणि गेलो. साहेब पानं उलटत होता, शेजारी त्याचा कारकून लिहीत होता. साहेबाचं बोट एका कोऱ्या जागेवर थांबलं. मग मागच्या वर्षीच्या. मग त्याच्या मागच्या. त्यानं विचारलं, हे पैसे कुठले? मी म्हणालो, गोव्याचे, बागेचे. कुणाची बाग? बायकोची, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं, हे आज कळतं. पण पुढचा प्रश्न नावाचाच येणार, हे मला दिसत होतं, आणि माझी जीभ आधीच टाळूला चिकटली. कारकून साहेबाला म्हणाला, मालकाचं नाव सांगवत नाही म्हणजे मालक समोरच बसलाय.

साहेबानं शांतपणे समजावलं. आपल्या मुलखातली शेती सरकारला सारा भरते, म्हणून तिच्यावर इन्कमटॅक्स नाही. गोव्यातली बाग आपल्या सरकारला काही भरत नाही, म्हणून तिचा पैसा इकडं आला की त्यावर टॅक्स बसतो. तुम्ही तो फॉर्मात दाखवला नाही. म्हणजे मिळकत लपवली. मागल्या वर्षांचा टॅक्स आणि वर दंड. पुढच्या कॅम्पाला पुरावा असेल तर आणा, नाहीतर मी हुकूम लिहितो.

मी वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, पुरावाबिरावा काढत बसू नका. बाग माझीच, अडाणी माणूस, चूक झाली, असा जबाब द्या, हात जोडा. साहेब वयानं लहान आहे, दंड कमी करील. घरी आलो तर भाऊ वाट बघत बसलेला. त्याला सगळं सांगितलं. त्याचं डोकं माझ्यापेक्षा जोरात चाललं. म्हणाला, "अरं, दंड भरायला पैसा आणणार कुठनं? आणि ह्यो टिकस आता दर साली बसणार. ती बागच इकून टाक. मुकादमाला सांग, तो गिऱ्हाईक आणील. फिरंग्याच्या मुलखातली बाग, तिथं कोन जातंय फळं मोजायला?"

आणि मी हो म्हणालो. खोटं लिहून काय करू. बायकोला न विचारता, तिच्या बापानं दिलेली बाग विकायला मी हो म्हणालो. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. बायको माझी, तर बाग पण माझीच.

ती ओसरीच्या टोकाला वाल सोलत बसली होती. सगळं ऐकत होती. भाऊ गेल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बंगल्यावर जाऊन काय सांगणार?"

"बाग माझी हाय म्हणून सांगणार."

"बरं. किती माडती हायत तुमच्या बागेत?"

माडती म्हणजे त्यांच्याकडं सुपारीचं झाड. मला आकडा ठाऊक नव्हता. मी म्हणालो, असतील शंभर-दोनशे.

"पाणी कुठच्या अंगानं येतं?"

मी म्हणालो, डोंगराकडनं.

"पाणी डोंगराकडनंच येतं हो, ते काय समुद्राकडनं वर चढतंय? पाटाची पाळी कुणाकुणाची असते? फणस कापा किती, बरका किती? कसणाऱ्याची बायको बाळंतपणात गेली ती कुठच्या साली?"

मी तंबाखूची चंची शोधायला लागलो. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "तुमाला तुमच्या वखारीतली दर एक गाठ ठाऊक आसते. जे आपलं आसतं ते माणसाला ठाऊक आसतं. तें कुळागर म्हजें, माझं. मी येणार बंगल्यावर."

बाईमाणूस बंगल्यावर, साहेबापुढं, चार वाणी-उदमी बसलेले असताना. मी नको म्हणालो. भावानं नको म्हणून निरोप धाडला. वहिनी स्वतः येऊन सांगून गेली, की घराची अब्रू जाईल. बायकोनं ट्रंक उघडली, तळातनं मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला आणि पदरात बांधला. ठरल्या दिवशी मी गाडी जुंपली, तर ती आधीच मागं बसलेली.

वाटेत फाल्गुनातलं ऊन, पळस फुललेले, गाडीवाटेची धूळ. मला एकच काळजी, की लोक काय म्हणतील. तिला काय काळजी होती ते मी विचारलं नाही.

बंगल्याच्या व्हरांड्यात कर्जतचे तीन-चार व्यापारी चोपड्या मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून हसणार होते, पाठीमागं तिला बघून हसायचे थांबले. वकील उठून आडवे आले, हळूच म्हणाले, बाईंना गाडीत बसवा. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आत गेली.

साहेबानं मान वर केली. मला विचारलं, ह्या बाई कोण?

"आमची मंडळी. गोव्याची."

"नाव?"

पुन्हा तेच. मी उभा, हात बांधलेले, नजर जमिनीवर. कारकून हसला. म्हणाला, "साहेब, बायको परदेशी, बाग परदेशात, आणि नाव नवऱ्याला ठाऊक नाही. सगळं कसं सोयीचं आहे."

ती म्हणाली, "नाव त्यांना ठाऊक हाय. घेत नाहीत, येवढंच. तुमी घेता का घरी?"

कारकुनानं मान खाली घातली. साहेबानं चष्मा पुसला. मला वाटतं तोही घेत नसावा. तो म्हणाला, बाई, नाव मागनं बघू, पुरावा काय आहे तो दाखवा.

तिनं कागद काढला. साहेबानं उलटा धरला, सुलटा धरला. शिक्के दिसले, अक्षर कळेना. म्हणाला, हा मुंबईला पाठवावा लागेल, भाषांतर करणारा शोधावा लागेल, त्यात महिने जातील. ती म्हणाली, मी वाचते. ती तिकडच्या शाळेत चार वर्षं शिकलेली. नऊ वर्षं माझ्या घरात होती आणि तिला फिरंगी वाचता येतं, हे मला त्या घटकेला कळलं. तिनं पदर सारखा केला आणि एक एक ओळ फिरंगीत वाचून मराठीत सांगायला लागली. बापाचं नाव, गावाचं नाव, बागेच्या चारी बाजूंना कोण, माडती किती, पाणी कितव्या दिवशी. आवाज सरळ. बाहेरचे व्यापारी दाराशी येऊन उभे राहिले.

वाचून झाल्यावर कारकून म्हणाला, "बाई काय पण वाचतील साहेब. आपल्याला काय कळतंय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. साहेबपण विचारात पडला. इतक्यात मागच्या बाजूनं कांदा तळल्याचा वास आला, आणि साहेबानं मान वळवली. बंगल्याचा खानसामा गोव्याचा किरिस्ताव होता, म्हातारा, पाद्र्याच्या शाळेत शिकलेला. साहेबानं त्याला हाक मारली. तो हात पुसत आला. त्याला फिरंगी वाचता येतं का विचारलं. तो म्हणाला, येतं, पण चष्मा नाही. साहेबानं आपला चष्मा काढून दिला. मग आम्हाला दोघांना व्हरांड्यात जायला सांगितलं, म्हणजे आमच्याकडं बघून त्यानं काही जुळवून घेऊ नये.

आम्ही बाहेर उभे. आतनं म्हाताऱ्याचा आवाज येत होता, अडखळत. तेच गाव, तेच पाणी, तीच झाडं. व्यापारी कान देऊन ऐकत होते. वकील भिंतीकडं बघत होते. मी बायकोकडं बघितलं. तिचा चेहरा पडत चालला होता. मला कळेना. सगळं जुळतंय तर हिला काय झालं?

साहेबानं आत बोलावलं. म्हणाला, "बाई, हा वाचतो ते तुमच्यासारखंच आहे. पण शेवटचा एक मजकूर तुम्ही वाचला नाही."

ती म्हणाली, "वाचला नाही."

"का?"

"तो माझ्या घरचा हाय. त्याचं तुमच्या टॅक्साशी काम नाय."

साहेब खानसाम्याला म्हणाला, पुन्हा वाच. म्हाताऱ्यानं वाचलं. ही बाग मुलीची एकटीची. तिच्या नवऱ्याचा तिच्यावर, तिच्या उत्पन्नावर, विकण्यावर, गहाण टाकण्यावर काही हक्क नाही. तिकडच्या कायद्यानं नवरा-बायकोचं सगळं निम्मं-निम्मं होतं, ते ह्या बागेला लागू नाही. हे नवऱ्याला समजावून सांगितलं आहे, आणि त्याला ते कबूल आहे.

"खाली सही आहे," साहेब म्हणाला. "मराठीत. ही कुणाची?"

मी वाकून बघितलं. झोकदार, वेलांटीला शेपूट काढलेली.

"माझीच."

"काय लिहिलंय ते ठाऊक होतं?"

"नाय साहेब. मला वाटलं लग्नाचा कागद."

व्हरांड्यात कुणीतरी फुस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळेच. साहेबानं तोंडावर रुमाल धरला. मीच तेवढा हसलो नाही. मला हे कळत होतं, की नऊ वर्षं हे वाक्य तिला ठाऊक होतं. भाऊ बाग विकायच्या गोष्टी करत होता, मी हो म्हणत होतो, तेव्हा ती ओसरीवर वाल सोलत होती आणि तिला ठाऊक होतं, की ह्याला विकताच येत नाही. एका शब्दात मला गप्प करता आलं असतं. तिनं झाडं विचारली. आणि आज चार माणसांत माझी शोभा होऊ नये म्हणून जो मजकूर तिची बाग वाचवणार होता, तोच तिनं गिळला.

साहेब म्हणाला, "बाई, टॅक्साशी त्याचंच तर काम आहे."

मग त्यानं सांगितलं ते मी शब्दाशब्दानं लक्षात ठेवलं आहे. बाग बायकोची. उत्पन्न बायकोचं. नवऱ्याच्या मिळकतीत ते धरता येत नाही, कारण बायको हा वेगळा माणूस आहे. त्या वेगळ्या माणसाचं उत्पन्न बघितलं तर ते सरकारच्या आकड्याच्या कितीतरी खाली. म्हणून टॅक्स नाही, मागल्या वर्षांचा नाही, पुढच्या वर्षांचा नाही. नवऱ्यानं काही लपवलं नाही, त्याला लिहिता आलं नाही, म्हणून दंड नाही. "फक्त," तो म्हणाला, "तुमचा जबाब पाहिजे. त्या कोऱ्या जागा कुणाच्या, ते तुमच्या तोंडानं. नावासकट."

बायको म्हणाली, मी सांगते नाव. साहेब म्हणाला, जबाब त्यांचा आहे, तुमचा नाही.

मी बाहेर बघितलं. दारात व्यापारी, वकील, शिपाई, खानसामा, सगळे उभे. मी डोळे मिटले आणि नाव घेतलं. तिचं, तिच्या बापाचं, त्यांच्या घराण्याचं, सगळं.

"मोठ्यानं सांगा," ती शेजारनं म्हणाली. "कारकुनानं लिवलं नाय."

मी पुन्हा घेतलं, असं की वळचणीखाली बसलेली कबुतरं उडाली. कारकुनानं लिहिलं. जबाब माझ्यापुढं सरकवला. मी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, बोट लावून, सगळे थांबले होते तरी. मग सही केली.

पंधरा-वीस दिवसांनी हुकुमाची नक्कल घरी आली. पाकिटावर तिचं नाव. पोस्टमन वखारीच्या दारात उभा राहून विचारतोय, ही बाई कोण? भाऊ तिथंच होता. तो म्हणाला, "माझी भावजय हाय. तिलाच दे, दुसऱ्याला देऊ नको." त्या दिवसापासून भावानं बागेचा विषय काढला नाही, आणि वहिनीनं ती हाक सोडली. पुढच्या साली मनिऑर्डर थेट तिच्या नावावर आली. पोस्टमननं अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली, तर तिनं त्याच्या कानावरचा टाक उचलला. गोव्याचं राज्य बदललं, तो मुलूख आपल्यात आला, तरी कुळागर तिचंच राहिलं. आता मुलीकडं आहे.

पण मला लिहायचंय ते त्याच दिवसाचं, परतीच्या वाटेचं. बंगल्यातनं निघताना खानसामा धावत गाडीपाशी आला आणि कागदात बांधलेले चार सुके बांगडे बायकोच्या हातात दिले. म्हणाला, "बाय, आमच्या गांवचे." तिनं ते कपाळाला लावले. कर्जत मागं पडलं, नदी ओलांडली, आणि एका करंजाच्या सावलीत ती म्हणाली, गाडी थांबवा.

बैलांसाठी घेतलेल्या गवतातली एक पेंढी तिनं पेटवली, त्यावर बांगडे भाजले. भाकऱ्यांचं फडकं सोडलं. आमच्यात नवरा जेवला की मग बायकोनं जेवायचं, आणि नऊ वर्षं तिनं ते पाळलं होतं. त्या दिवशी तिनं मला वाढलं, आणि माझा हात भाकरीला लागायच्या आत स्वतः घास मोडला. एक भाकरी गेली. दुसरी गेली. बोटं चाटत होती, काटे बाजूला थुंकत होती, डोळ्यांतनं पाणी येत होतं. मी म्हणालो, धूर लागला काय?

ती म्हणाली, "परवापासनं पोटात काय नाय. भियानं घास उतरत नव्हता."

मला हे ठाऊक नव्हतं. मला ती वाघीण दिसत होती, आणि ती दोन दिवस उपाशी होती. मी माझ्या वाटणीच्या भाकऱ्या तिच्यापुढं सरकवल्या. तिनं नको म्हणायचं सोंग केलं नाही. घेतल्या आणि खाल्ल्या. मग पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि ढेकर दिली. बैलसुद्धा मान वळवून बघायला लागले.

शेवटच्या महिन्यात तिला दोन चमचे पेज जात नव्हती. मुलगी म्हणायची, आई, एक घास घे. ती मान हलवायची. मी उशाला बसायचो आणि तिला सांगायचो, अगं, करंजाखाली चार भाकऱ्या खाल्ल्यास तू, आठवतंय का? ती डोळे न उघडता म्हणायची, "पाच."